क्ष म्हणजे न खोदलेली माती

धुरपताबाई टेकाम पहाटे पावणेचारला उठायची. चारला नाही. चारला उठणाऱ्या बायांची हातपंपावर रांग लागायची, आणि रांगेत उभं राहणं याला ती काम समजत नसे. पाणी भरून, चूल पेटवून, भाकरी थापून पाच वाजायचे. तिथून उजाडेपर्यंतचा वेळ ती एका परक्याला द्यायची. त्याचं नाव क्ष.

हिंगणीजवळच्या आमच्या गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण तिच्या नवऱ्यानं, जंगलूनं, ती पानठेल्यावर सांगितली होती.

"आमच्या घरी पाहटीच एक जण येते," तो म्हणायचा. "दिसत नाई. केवढा हाये, कोणालेच मालूम नाई. माही बायको रोज त्याले शोधते अन् मी झोपून राह्यतो. भांडाचं कोणाशी?"

लोक हसायचे. जंगलूचं पोट लोकांच्या हसण्यावर आणि बायकोच्या मजुरीवर चालायचं. पत्ते मात्र तो मनापासून खेळायचा.

मी धुरपतासोबत रोजगार हमीच्या कामावर पंधरा वर्षं माती खोदली. पाझर तलाव खोदले, शेततळी खोदली, एक रस्ता खोदला जो पुढे कुठेच गेला नाही. ती ब्याण्णव साली लग्न होऊन टोल्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीवर, आली तेव्हा नववी पास होती. दहावीच्या परीक्षेला चार महिने असताना बापानं लग्न उरकलं. नऊ काय अन् दहा काय, असा त्याचा हिशोब. गणितात याला आसन्न किंमत म्हणतात, हे मला तिच्यामुळेच नंतर कळलं.

कामावर बायांनी घमेली उचलायची आणि बाप्यांनी खोदायचं, अशी रीत होती. बापे बिडी प्यायला बसले की धुरपता टिकास उचलायची. खोदणारे मी पुष्कळ पाहिले. बहुतेक जण मातीवर राग काढतात आणि अर्ध्या तासात थकतात. तिचा टिकास जिथे एकदा पडला तिथेच दुसऱ्यांदा पडायचा. बोलणं बंद. याहून जास्त स्तुती मी कोणाची करत नाही.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात बातमी आली की टोल्यावरच्या अंगणवाडीची सेविका पुढच्या वर्षाच्या शेवटी निवृत्त होणार. नवी बाई दहावी पास पाहिजे. टोल्यावरची कोणी मिळाली तर तिला पहिला मान, नाहीतर गावातली. टोल्यावर दहावी पास बाई एकही नव्हती. गावात होती, सरपंचाची सून. टोल्यावरून जाताना ती नाकाला पदर लावायची. आमची पोरं तिच्या हाती जाणार, हे जवळपास ठरलेलंच होतं.

धुरपतानं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सोडलेल्यांना घरून परीक्षा देता येते, तो हा फॉर्म. मार्च आणि ऑक्टोबर अशा दोनच संधी तिच्याकडे होत्या. मराठी, हिंदी, इतिहास तिनं वाचून काढले. इंग्रजी पाठ केलं, न समजता, पण बिनचूक. अडलं ते गणितात, आणि तेही पहिल्याच शब्दावर.

हिंगणीत सदाशिवरावांचं किराणा दुकान आहे. त्यांची सून गुंजन नागपूरची, बी.एस्सी. झालेली. शिक्षण गणिताचं आणि काम साखर तोलायचं. धुरपता मीठ घ्यायला गेली ती पुस्तक घेऊनच.

"मॅडम, हे 'मानू' काय हाये?"

गुंजननं तराजू सोडला आणि गणित वाचलं. एका आयताकृती शेताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा तीन मीटरनं जास्त आहे. शेताची परिमिती सहासष्ट मीटर आहे. तर लांबी आणि रुंदी काढा.

"सोपं आहे, धुरपताबाई. रुंदी आपल्याला माहीत नाही. म्हणून ती क्ष मानू."

"काऊन?"

"काऊन म्हणजे?"

"पाह्यली नाई, मोजली नाई, अन् मानाची? मानते माणूस देवाले. रुंदीले काऊन मानाचं?"

सदाशिवराव गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणाले, "सूनबाई, पह्यले हे विचार, का शेजाऱ्यानं धुरा कोरला त नाई ना. वावराची रुंदी तिथंच जाते."

"बाबा, तुम्ही तूरडाळ पाहा."

शिकवणीची बोली तिथेच झाली. फुकट शिकायला धुरपता तयार नव्हती. टेम्पोतून आलेली पोती ती आत लावून देणार आणि गुंजन तिला रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवणार. पहिले तीन दिवस पोती आत गेली, गणित बाहेरच राहिलं. समीकरण मांडायला ती तयारच होईना. जे माहीत नाही त्याला नाव देऊन त्याच्याशी बेरीज-वजाबाकी करायची, हे तिला लबाडीचं वाटायचं.

चौथ्या दिवशी आमच्या कामावर माप होतं. मातीकामाचं माप कसं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खड्डा खोदताना मधोमध मातीचा एक खांब न खोदता ठेवायचा. त्याच्या डोक्यावर मूळ जमीन असते, गवतासकट. साहेब टेप घेऊन येतो, खांबाच्या माथ्यापासून तळापर्यंत मोजतो, म्हणजे किती खोल खोदलं ते कळतं. त्या खांबाला आम्ही साक्ष म्हणायचो. माप लिहून झालं की साहेबासमोर साक्ष पाडायची. न पाडता ठेवली तर तोच खड्डा पुढच्या आठवड्यात नवा म्हणून पुन्हा मोजता येतो. म्हणून माप झाल्यावर उभी राहिलेली साक्ष म्हणजे चोरी. धुरपता या बाबतीत कडक होती. साहेबाची पाठ वळायच्या आत तिचा टिकास साक्षीवर पडलेला असायचा.

त्या दिवशी साहेबानं टेप लावला आणि ती साक्षीकडे पाहत नुसती उभी राहिली.

"पाड ना वं," मी म्हणालो.

"थांबा भाऊ. हे त क्ष होय."

संध्याकाळी ती दुकानात पोत्यांना हात न लावता सरळ गुंजनसमोर गेली.

"मॅडम, तुमी मानू म्हणता तिथंच चुकते. मानाचं नाई, उभं ठेवाचं. साक्ष किती उंच हाये, पह्यले कोणालेच मालूम नसते. पण ते उभी असते, अन् बाकीचं सारं तिच्यावरून मोजते साहेब. क्ष म्हणजे न खोदलेली माती. साक्षमधला सा काढला का क्षच उरते ना?"

गुंजननं हातातली साखरेची पुडी बांधून बाजूला ठेवली. मग तिनं पाटी पुढे केली. धुरपतानं मांडलं. रुंदी क्ष. लांबी दोन क्ष अधिक तीन. दोन्हींची बेरीज तीन क्ष अधिक तीन. परिमिती म्हणजे या बेरजेची दुप्पट, ती सहासष्ट. म्हणून बेरीज तेहतीस. तीन काढले, तीन क्ष बरोबर तीस. क्ष दहा. लांबी तेवीस.

"दहा अन् तेवीस तेहतीस, दुप्पट सहासष्ट. जमलं," ती म्हणाली, आणि तळहातानं पाटी साफ पुसली. मग पोती उचलायला गेली.

पाटी सगळेच पुसतात. कोणाच्या लक्षात काही आलं नाही.

त्यानंतर तिचा वेग वाढला, आणि पुस्तकाची इज्जत कमी झाली. शाब्दिक उदाहरणं ज्यानं लिहिली त्यानं कधी फावडं धरलं नाही, असं तिचं मत पडलं, आणि ते मत बरोबर होतं. एका उदाहरणात अ आणि ब मिळून एक काम सहा दिवसांत करतात. एकट्यानं करायचं तर ब ला अ पेक्षा पाच दिवस कमी लागतात. तर प्रत्येकाला किती दिवस लागतील?

"अ ले कामावर ठेवलं कोणं?" धुरपता म्हणाली. "मुकादमाचा साळा असन."

पण मांडलं तिनं नीट. अ चे दिवस क्ष, ब चे क्ष उणे पाच. एका दिवसात दोघं मिळून कामाचा सहावा हिस्सा उरकतात. छेद काढून टाकल्यावर क्ष चा वर्ग उणे सतरा क्ष अधिक तीस बरोबर शून्य. त्याचे दोन अवयव पाडले. क्ष एक तर पंधरा, नाहीतर दोन.

"दोन घेऊन पाहा," गुंजन म्हणाली. "अ ला दोन दिवस, तर ब ला?"

"दोनातून पाच गेले. उणे तीन." धुरपता थांबली. "म्हणजे काम सुरू व्हाच्या तीन दिवस आधीच ब चं काम झालं?"

"म्हणून ही किंमत घ्यायची नाही."

"घ्याची काऊन नाई? आमच्या ठेकेदाराचं बिल असंच निघते."

सदाशिवराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. अ ला पंधरा दिवस आणि ब ला दहा, हे उत्तर पाटीवर एकटंच उरलं. बाकी सगळं पुसलेलं.

संभाव्यतेच्या धड्यात जंगलू कामाला आला. आयुष्यात पहिल्यांदा. रविवारी मी त्यांच्या घरी टिकासाला दांडा बसवून घ्यायला गेलो होतो. धुरपता मोठ्यानं वाचत होती, "सर्व शक्य फलितांच्या संचास नमुना अवकाश म्हणतात." तिनं पुस्तकावरून मान वर केली. जंगलू दारात पसरला होता.

"बाप्पा," ती म्हणाली, "हे त आमच्या घरीच हाये. नमुना बी हाये, अन् त्याले अवकाशच अवकाश."

जंगलूनं कूस बदलली. "वाच पुढचं. तोंड नको चालवू."

"बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला. तो चित्राचा असन याची संभाव्यता किती?"

"बावन्नात बारा," जंगलू डोळे न उघडता म्हणाला.

"सोळा नाई काय? एक्का, गुलाम, राणी, राज्जा, चार चोक सोळा."

"एक्क्यावर चित्र असते काय वं? ठिपका असते. बारा. चारनं भाग, तेरात तीन. अन् राज्जा न निघाचा विचारलं त बावन्नात अठ्ठेचाळीस."

पुस्तकाच्या मागे उत्तर तेच होतं. धुरपतानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, एवढं समजते याले, मंग रोज हारते काऊन?"

"पुस्तकात पत्ते रूपराव पिसत नाई," जंगलू म्हणाला, आणि पुन्हा झोपला. रूपराव म्हणजे पानठेल्यावरचा त्याचा जोडीदार.

मार्चमध्ये परीक्षा झाली, सेलूच्या केंद्रावर. गणिताच्या पेपरनंतर ती खुशीत होती. सगळी उत्तरं गुंजनच्या उत्तरांशी जुळली. पर्यवेक्षक बाईंनी तर तिच्या पेपरकडे पाहून म्हटलं म्हणे, किती स्वच्छ.

जूनमध्ये निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात नापास. आणि थोडक्यात नाही, चांगल्या वीस गुणांनी.

त्याच आठवड्यात सरपंचाच्या सुनेनं टोल्यावरच्या चिखलात घालायला रबरी चपला आणल्या.

गुंजन रडायच्या बेताला आली. धुरपता रडली नाही. तिनं मार्चचा पेपर काढला आणि म्हणाली, "मॅडम, मी आतं तुमच्या समोर पुरा पेपर सोडवून दाखवते. कोठं चुकते ते पाहा."

सदाशिवरावांनी कोऱ्या कागदांचा दस्ता दिला. धुरपता पोत्यावर बसली. पहिलं उदाहरण तिनं पेन्सिलीनं मांडलं, पायरीला पायरी लावून, एकही न गाळता. उत्तर आलं. ते तिनं पेनानं ठळक लिहिलं. मग खोडरबर घेतला आणि वरच्या सगळ्या पायऱ्या घासून साफ केल्या. फुंकर मारली. पुढचं उदाहरण.

"हे काय करता?" गुंजन ओरडलीच.

"काय केलं?"

"पायऱ्या! पायऱ्या पुसल्या तुम्ही!"

"माप झालं ना. उत्तर आलं. मंग साक्ष उभी ठेवाची काय?"

"परीक्षेतही असंच केलं?"

"मंग! एकबी नाई ठेवली. चोरी थोडीच कराची हाये?"

दुकानात मीठ घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मीठ विसरून कागदाकडे वाकलं. मी दाराशी उभा होतो. सबंध वर्षाची मेहनत तिनं स्वतःच्या हातानं, प्रामाणिकपणे, खोडरबर लावून पुसली होती. बोर्डाला वाटलं असणार की बाईनं शेजारच्या बाकावरून नुसती उत्तरं उचलली. पाचाच्या उदाहरणाला एक गुण, तोही दया म्हणून.

गुंजन शिकलेली होती, पण शहाणीही होती. तिनं डोक्याला हात लावला नाही. विचारलं, "धुरपताबाई, साक्ष कधी पाडतात?"

"माप झाल्यावर."

"माप कोण घेतं? खोदणारा?"

"नाई. साहेब."

"मग पेपर तपासणारा तुमच्या बाकाजवळ उभा होता का? तो कुठेतरी दूर बसलाय. महिन्यानं मोजणार आहे. त्याचा टेप लागायच्या आधीच तुम्ही साक्ष पाडली. त्याला सपाट जमीन दिसली. तो कशाचे गुण देणार?"

धुरपतानं खोडरबर पोत्यावर ठेवला. मग एकच वाक्य बोलली. "म्हणजे मी फुकट खोदलं."

समजणं वेगळं आणि हात वळणं वेगळं. पंधरा वर्षांची सवय होती. लिहिलेला कागद तसाच ठेवून पुढे जायचं म्हणजे तिला काम अर्धवट टाकल्यासारखं वाटे. हात आपोआप खोडरबरकडे जायचा. गुंजननं पेन्सिल बंद केली, सगळं पेनानं. तेव्हा ती थुंकी लावून बोटानं पुसायला लागली. कागद फाटायचे. शेवटी तिनं घरातला खोडरबर चुलीत टाकला आणि नवा घ्यायला दुकानात गेली. सदाशिवराव नाही म्हणाले.

"आपल्या दारूबंदीच्या जिल्ह्यात तुले एक डाव दारू भेटन," ते म्हणाले. "खोडरबर नाई भेटन. गावातल्या साऱ्या दुकानायले सांगून ठेवलं हाये."

जुलै ते सप्टेंबर निंदणाचे दिवस. ती दिवसभर लोकांच्या वावरात निंदायची आणि दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून एक उदाहरण सोडवायची. रोज एक. सिमेंटच्या रिकाम्या पोत्याच्या कागदावर, पेनानं, प्रत्येक पायरी नव्या ओळीत. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ, घासाघीस नाही. सोडवलेला कागद ती घराच्या कुडाला अडकवून ठेवायची, म्हणजे न पुसलेलं पाहायची डोळ्यांना सवय होईल. ऑक्टोबरपर्यंत भिंत भरली. जंगलू तक्रार करायचा की झोपताना चारी बाजूंनी क्ष दिसतो.

ऑक्टोबरच्या पेपरला मी तिच्यासोबत सेलूला गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं. केंद्राबाहेर तीन तास उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा बोटं शाईनं निळी होती आणि चेहरा गणित चुकल्यासारखा.

"काय झालं?"

"लई घाण पेपर दिला, भाऊ. जागा नाई उरली. साऱ्या साक्षी उभ्या हायेत."

"मग बरंय."

"तो अ अन् ब आलता. यावेळी नळाचं काम होतं. एक उत्तर उणं निघालं."

"सोडून दिलं?"

"नाई. लिहिलं. काम सुरू होण्याच्या आधी काम संपत नाही, म्हणून ही किंमत घेतली नाही. ठेकेदाराचं नाव नाई लिहिलं."

नोव्हेंबरच्या शेवटी निकाल आला. गणितात पास व्हायला लागतात त्यापेक्षा सहा गुण जास्त. गुंजननं दुकानातली साखर वाटली, सासऱ्याला न विचारता. धुरपतानं अंगणवाडीचा अर्ज केला. टोल्यावरची दहावी पास बाई आता एक होती, म्हणून निवडायला फार डोकं लागलं नाही. एक जानेवारीपासून रुजू व्हायचं ठरलं. तिथे पगार नसतो, मानधन असतं. ती म्हणाली, "मान भेटला, धनाचं पाहू." मातीच्या मजुरीपेक्षा ते कमी होतं, पण पोरं तिच्या हाती आली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. आमची सगळ्यांची तयारी होती. तिची नव्हती.

तिनं गुंजनला घेऊन ऑक्टोबरचा पेपर काढला आणि आपण किती सोडवलं ते पायरीपायरीनं मोजलं. तिच्या मापानं नऊ गुण जास्त यायला हवे होते. आले सहा. तीन कमी.

"गुणपडताळणीचा फॉर्म भरते," ती म्हणाली.

"अहो, पास झालात ना?" गुंजन म्हणाली.

जंगलू म्हणाला, "जितल्यावर पत्ते पुन्हा मोजते काय कोणी?"

सदाशिवराव म्हणाले, "वाढले त काय, अन् नाई वाढले त काय? पोट्टे काय तुही मार्कशीट पाहून खिचडी खाणार हायेत?"

"पास केलं ते बोर्डानं," धुरपता म्हणाली. "पण खोदलं मी. मले माप बरोबर पाह्यजे."

मी तिच्या बाजूनं बोललो नाही, पण मला ती बरोबर वाटली.

फॉर्म, त्याची फी, सेलूला जाणं-येणं. पुन्हा एकदा जाणं-येणं, कारण पहिल्या दिवशी बाबू जेवायला गेला होता. सेविका होण्याआधी डिसेंबरात शेततळ्याचं काम निघालं होतं. हा खर्च काढायला त्यावर ती शेवटचे दोन दिवस आली. जमीन मुरमाड होती. दोन्ही दिवस तिनं टिकास दुसऱ्या कोणाला दिला नाही.

जानेवारीत पत्र आलं. एकच ओळ छापलेली होती: गुणांमध्ये कोणताही बदल नाही. अंगणवाडीच्या ओट्यावर उभं राहून तिनं ते दोनदा वाचलं. आत पोरं ताटल्या वाजवत होती.

"मंग तीन गुण गेले कोठं?" मी विचारलं.

"त्यायनं दोनदा मोजलं, भाऊ. आतं बोलाले जागा नाई," ती म्हणाली. "तीन गुणाचं माह्याकडूनच कमी खोदल्या गेलं असन."

तिनं पत्राची घडी घातली आणि आत जाऊन ताटल्या शांत केल्या. मुरमातल्या त्या दोन दिवसांची मजुरी, मातीकामावरची तिची शेवटची, त्या एका ओळीला लागली.